घाटरस्ता की पाखाडी? कोकणात राहून डोंगरी शर्यतीची तयारी

सिंहगड-राजगड-तोरण्याच्या वाटेवरची शर्यत असो की साताऱ्याची हिल मॅरेथॉन, आपल्या चिपळूण-दापोली-गुहागर पट्ट्यातलं कोणी पहिल्यांदा नाव नोंदवलं की थोड्या दिवसांत एक प्रश्न येतोच: चढ-उताराचा सराव करायचा कुठे? खरे पर्याय दोनच आहेत. एक म्हणजे घाटरस्ता; आमच्या बाजूला कुंभार्ली, रत्नागिरीकरांना आंबा घाट, सावंतवाडीकरांना आंबोली. दुसरा म्हणजे गावची पाखाडी, खाडीकाठच्या वाडीतून वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाट पठारावर, नेणारी जांभ्या चिऱ्यांची पायऱ्यांची वाट. किनाऱ्यावरची वाळू कोणीतरी सुचवतंच. पोटऱ्यांना ती चांगली, पण डोंगराच्या तयारीत तिचा फारसा उपयोग नाही, म्हणून ती इथे सोडून देतो.

मी दोन्हीकडे मनापासून सराव केला आहे आणि आता बहुतेक वेळ पाखाडीवर असतो. तरी घाटाची बाजू नीट मांडतो, कारण काही जणांसाठी घाटच योग्य आहे.

घाटाचं मोठेपण त्याच्या लांबीत आहे. पायथ्याचं पोफळी गाव मागे टाकून कुंभार्लीला लागलं की चढ संपायचं नाव घेत नाही. एकाच लयीत, एकाच श्वासात तासभर वर जात राहणं ही गोष्ट खाडीकाठच्या कुठल्याही टेकडीवर मिळत नाही. स्वित्झर्लंडमधल्या सिएर-झिनालसारख्या शर्यतीत ३१ किलोमीटरमध्ये २,२०० मीटर चढ असतो आणि त्यातला मोठा भाग सुरुवातीलाच येतो. अशा चढावर लागणारा धीर घाटच शिकवतो. पाखाडी सात-आठ मिनिटांत संपते. दम लागून मन ‘आता बस’ म्हणायला लागतं, तोवर सडा आलेला असतो. डांबरावर पाय कुठे पडतोय हे बघावं लागत नाही, त्यामुळे सगळं लक्ष श्वासावर ठेवता येतं. आणि साताऱ्याची शर्यत तर यवतेश्वरच्या डांबरी घाटानेच वर जाऊन परत येते. ज्याला तेवढंच करायचं आहे त्याने पाखाडीच्या नादी लागू नये, सरळ घाट गाठावा.

पाखाडीबद्दल पहिली शंका उंचीची असते. खाडीपासून सडा शंभर मीटर वर, कुठे दीडशे. ‘एवढ्याशा टेकाडावर डोंगराची कसली तयारी?’ असं मला बऱ्याच जणांनी विचारलं आहे. डोंगरात पळण्याचा खेळ ज्यांनी जपला आणि वाढवला, त्या इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधलं सर्वांत उंच टोक, स्कॅफेल पाइक, फक्त ९७८ मीटर आहे. तेच इंग्लंडचंही सर्वांत उंच टोक. आपला तोरणा त्याहून चारशे मीटरने उंच आहे. पण त्याच बुटक्या डोंगरांत बॉब ग्रॅहम या तिथल्याच केझिक गावच्या माणसाने १९३२ साली २४ तासांच्या आत ४२ माथे पालथे घातले. सुमारे १०६ किलोमीटर आणि आठ हजार मीटरच्या वर चढ. त्याच भागात मेंढ्या पाळणाऱ्या जॉस नेलरने १९७५ मध्ये एका दिवसात ७२ माथे केले. एकच मोठा डोंगर चढून हे होत नाही. चढायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं, हेच त्यांचं आयुष्यभराचं काम होतं. शंभर मीटरच्या पाखाडीच्या दहा फेऱ्या म्हणजे हजार मीटर चढ, आणि तेवढाच उतार. हा उतार घाटात तुमच्या हाती पूर्णपणे लागत नाही. माझा निर्णय झाला तो इथेच.

घाटात वर जाताना मला फारसा त्रास झाला नाही. वेग कमी असतो, उजव्या बाजूने चाललं की समोरून उतरणारं वाहन दिसतं, बाजूला होता येतं. परतीला मात्र सगळं उलटतं. उजवीकडूनच उतरत असता, समोरून लोड भरलेला ट्रक गुरगुरत चढत असतो, त्याचं काही नाही, तो दिसतो. पण पाठीमागून उतरणारी गाडी पुढच्या टँकरला ओव्हरटेक करायला नेमकी तुमच्या बाजूला येते, आणि ती तुम्हाला दिसत नाही. म्हणून कान सतत मागे लागलेले राहतात. खांदे आखडतात. वळण आलं की पुढचं काही दिसत नसतं, म्हणून त्याआधी वेग कमी करायचा, साइडपट्टीवर यायचं. तिथे सुटी खडी पसरलेली आणि पलीकडे गटार. खडीवर पाय घसरू नये म्हणून आणखी आखडतं घ्यायचं. वळण संपलं, जरा पाय मोकळे सोडावेत, तर पुढचं वळण हजर.

ही तक्रार वरवर किरकोळ वाटेल. वाहनं कुठे नसतात? पण त्यातून पाय काय शिकतात ते पाहा. उतारावर अंग मागे टाकायचं, टाच आधी टेकवायची, प्रत्येक पावलाला ब्रेक लावायचा. नेमकी हीच सवय गडावरून उतरताना मांड्यांचा जीव काढते. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी अंगाचा भार धरून ठेवण्यासाठी जोरही लावत असतो. या ताणात त्याचे बारीक तंतू दुखावतात आणि त्याचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त जाणवतं. लांब पावलं टाकून ब्रेक लावत उतरलं तर हा मार आणखी वाढतो. घाटावर तयारी केलेल्या हंगामात माझा चढ उत्तम होता. माची गाठेपर्यंत मी चांगल्या जागी असायचो, आणि खाली उतरताना मागची माणसं एकेक करून पुढे निघून जायची.

चढून-उतरून यायच्या शर्यतीत घड्याळ माथ्यावर थांबत नाही. स्कॉटलंडची बेन नेव्हिसची शर्यत समुद्राच्या काठच्या फोर्ट विल्यम गावातून निघते, १,३४५ मीटरच्या माथ्याला शिवते आणि परत गावात येते. केनी स्टुअर्टने १९८४ मध्ये हे सगळं १ तास २५ मिनिटं ३४ सेकंदांत केलं. उतारावर पाय मोकळे सोडता आल्याशिवाय असली वेळ येत नाही.

आता पाखाडी. आमच्या गावच्या पाखाडीचे चिरे एका मापाचे नाहीत. एक पायरी वीतभर, पुढची गुडघ्याला येईल एवढी, मग दोन पावलांचा सपाट टप्पा, मग पाण्याने खालची माती नेलेला एक चिरा, त्यावर पाय दिला की तो डुगडुगतो. मधला भाग पिढ्यान्‌पिढ्यांच्या येण्याजाण्याने झिजून खोलगट झालेला, कडा अजून खरखरीत. दोन्ही बाजूंना गडगा, म्हणजे रचलेल्या दगडांचं कुंपण, वर काजू-फणसाची पानगळ. अशा वाटेवर उतरताना लांब ढांग टाकताच येत नाही. पावलं आपोआप आखूड आणि जलद होतात, नजर तीन पायऱ्या पुढे जाते, हात तोल सांभाळायला बाजूला पसरतात. डोंगरात चांगलं उतरणाऱ्यांना बघा, त्यांचंही हेच चाललेलं असतं. एकदा वरून गवताचा भारा घेऊन उतरणाऱ्या आजींनी गडग्याला टेकून मला वाट दिली आणि म्हणाल्या, “मधला चिरा हालतोय रे, कडंनं जा.” इतक्या नेमक्या शब्दांत मला उतरणं दुसऱ्या कोणीही शिकवलेलं नाही.

चढतानाही पाखाडी एक गोष्ट शिकवते जी घाट शिकवत नाही, ती म्हणजे चालणं. तोरण्याच्या चढावर पुढचे काही सोडले तर सगळे चालतातच. गुडघ्यावर हात दाबून, कंबरेत वाकून, न थांबता चालणं हे वेगळं कौशल्य आहे. डांबरी चढावर ते अंगवळणी पडत नाही, कारण तिथे कसंबसं का होईना, पळता येतं.

सुरुवात बेताने करा. पहिल्या दिवशी तीन-चार फेऱ्या पुरेत, त्याही उतारावर हात राखून. एक गोष्ट मात्र मनाला उभारी देणारी आहे: उताराचा पहिला मार सोसला की स्नायू पुढचे काही आठवडे तसल्या माराला बरेच दाद देईनासे होतात. म्हणून दमदार उताराचा सराव शर्यतीच्या दीड-दोन महिने आधी सुरू करावा आणि शेवटचा जोराचा उतार दोनेक आठवडे आधी उरकून घ्यावा. पाखाडीच्या हंगामानंतर मी गड उतरलो तेव्हा शेवटच्या टप्प्यात पाय माझे स्वतःचे वाटत होते आणि दुसऱ्या दिवशी घराचा जिना सरळ तोंडाने उतरता आला. मोजमाप म्हणून माझ्याकडे एवढंच आहे, पण मला ते पुरेसं वाटतं.

पाखाडीचे तोटे सांगायला हवेत. पहिला पावसाचा. जूनपासून चिऱ्यांवर जे शेवाळ चढतं त्यावर उभं राहणंही कठीण, पळायचं तर नावच नको. गणपतीला चाकरमानी यायच्या आधी गावकरी पाखाडी खरवडतात, ब्लीचिंग पावडर मारतात, तेव्हा ती पहिल्यांदा वापरण्याजोगी होते, आणि खरी कोरडी होते ती ऑक्टोबरात. मधल्या महिन्यांत घाटाला पर्याय नाही. डांबर ओलं असलं तरी पाय धरतं. पण दरडीचा आणि धुक्याचा अंदाज घेऊनच जा, आणि धो धो पावसात जाऊच नका. डोंगरी शर्यती बहुतेक थंडीत येतात, त्यामुळे पाखाडी सुकण्याचा आणि नेटाने सराव करण्याचा काळ बरोबर जुळतो, हे आपलं नशीब.

दुसरा तोटा फुरशाचा, या छोट्या विषारी सापाचा, आणि हा हलक्यात घेऊ नका. जांभ्याच्या सांध्यांत, पाल्याखाली फुरसं बसलेलं असतं आणि रंगाने ते चिऱ्यात मिसळून जातं. अंधारात हेडलॅम्पशिवाय पाखाडीला पाय लावू नये, गडग्याच्या फटीत हात घालून आधार घेऊ नये, आणि ऑक्टोबरात पाला साठला असेल तर पहिली फेरी चालत, काठीने पाला बाजूला सारत करावी. वर सड्यावर गवत वाळलं की कुसळं मोज्यांत घुसतात आणि तास तास निघत नाहीत. मी गवत कापून होईपर्यंत सड्याच्या काठावरूनच मागे फिरतो.

बुटांचं थोडक्यात सांगतो. जांभा कानशीसारखा तळ खातो, त्यामुळे मऊ दात्यांचे महागडे ट्रेल शूज शर्यतीसाठी राखून ठेवा आणि पाखाडीवर जुना जोड वापरा.

पाखाडी निवडताना एखादं मंदिर वाटेत असेल तर फायदा होतो, पायऱ्या जपलेल्या असतात. आसूदच्या केशवराजाची वाट मला फार आवडते. पोफळीच्या बागांतून खाली उतरायचं, पऱ्यावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, छोटा साकव-पूल ओलांडायचा आणि समोरचा खडा चढ चढून देवळाशी यायचं, म्हणजे दोन्ही अंगांना उतार आणि चढ. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीची जुनी वाटही चांगली. दोन्हीकडे भल्या पहाटे जावं, भाविक यायला लागले की थांबावं, आणि बागेतून जाताना बागायतदाराला आधी एकदा सांगून ठेवावं. परक्या वाडीत तर हे सांगणं फारच गरजेचं आहे. धावत येणारा अनोळखी माणूस बघून कुत्री आणि माणसं दोन्ही अस्वस्थ होतात. ओळख झाली की तीच माणसं पाण्याचा तांब्या पुढे करतात.

खेडच्या बाजूला राहणाऱ्यांना एक सांगायचं आहे. रघुवीर घाटात पावसाळी पर्यटकांची गर्दी ओसरली की वाहनं बरीच कमी असतात आणि माझी ओव्हरटेकची तक्रार तिथे निम्म्याने कमी होते. मी तिथे राहत असतो तर कदाचित माझा तराजू इतका झुकला नसता. चिपळूणहून मात्र मी पंधरवड्यातून एखाद्या रविवारी लांब चढासाठी कुंभार्लीला जातो, तेही फक्त वर जायला. माथ्यावर हेळवाकच्या बाजूला घरचं कोणीतरी गाडी घेऊन थांबतं. उतार पाखाडीसाठी राखून ठेवलेला असतो.

ज्यांची शर्यत फक्त चढाची आहे त्यांनीही घाटच धरावा. डोंगरी धावण्याच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत निव्वळ चढाची आणि चढ-उताराची शर्यत आता वेगवेगळी भरते, २०२३ मध्ये ऑस्ट्रियात इन्सब्रुकला ती तशीच झाली, आणि दोन्हींची तयारी एकसारखी नसते. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर पाखाडीच्या आधी डॉक्टरांना दाखवा. तिथे माझा अनुभव कामाचा नाही. बाकी ज्याला गड चढून परत खाली यायचं आहे त्याने आपल्याच गावची पाखाडी एकदा नीट चालून बघावी, हलणारे चिरे कुठले ते लक्षात ठेवावं, जमलं तर खाली माती-दगड सारून ते बसवूनही घ्यावेत. हे सगळं शिमग्यापर्यंत. शिमग्यात पालखी त्याच वाटेने घरोघर फिरते, तेव्हा वाट पालखीची असते आणि आपणही पालखीबरोबर असतो.