पातळीनुसार वाचनाचा जादा तास: जुलै ते मार्च वापरून पाहिल्यावर

तिसरी-चौथीत पोचूनही ज्यांना एक वाक्य सलग वाचता येत नाही, अशा मुलांसाठी आमच्या शाळेत जुलैपासून रोज एक तास पातळीनुसार वाचन घेतोय. आता मार्च उजाडलाय. येत्या जूनमध्ये कुणाला असं काही सुरू करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहिते. मत आधीच सांगून टाकते. पद्धत जरूर घ्या. अक्षरावर अडकलेलं मूल ती उताऱ्यापर्यंत खरोखर आणते, आणि वाटलं होतं त्यापेक्षा लवकर आणते. मात्र जोडाक्षरं आणि वाचलेलं समजणं या दोन ठिकाणी ती एकटी पुरत नाही. तिथे शिक्षकाला स्वतःची भर घालावीच लागते.

शाळा जिल्हा परिषदेची, बीड जिल्ह्यातली, द्विशिक्षकी. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीला जाणारी. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये परततात. काही मुलं आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची आईबापांबरोबर फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या जागी, जातात आणि कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, राहतात. पहिली ते पाचवीला वर्षाला 200 दिवस आणि 800 तास शिकवायचं असं शिक्षण हक्क कायद्यात ठरवून दिलंय. या मुलांच्या वाट्याला त्यातलं किती येत असेल! पहिलीचा आणि दुसरीचा हिवाळा फडावर गेला की मूल पुढच्या वर्गात येतं ते 'क ख ग घ' तालात म्हणत, पण पुस्तक उघडलं की गप्प. आणि वर्ग तर पुढच्या धड्यावर गेलेला असतो.

पद्धत मूळची 'प्रथम' संस्थेची. 1990च्या दशकात मुंबईच्या वस्त्यांमध्ये माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी हे काम उभं केलं. तिथे वस्तीतल्याच शिकलेल्या मुली 'बालसखी' म्हणून मागे पडलेल्या मुलांना वर्गाबाहेर घेऊन बसायच्या. मुंबई आणि बडोद्यातल्या त्या कामाचा अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. पुढे 2019 साली या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. एवढी मोठी नावं, पण कल्पना कुठल्याही शिक्षकाला पटेल अशी आहे: इयत्ता बाजूला ठेवा, मूल आज जिथवर वाचतं तिथून पुढे न्या.

सुरुवात चाचणीने होते. 2005 पासून गावोगाव होणाऱ्या 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीत जो कागद वापरतात तोच आम्ही घेतला. त्यावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. आधी उतारा द्यायचा. जमला तर गोष्ट, नाही जमला तर शब्द, तेही नाही तर अक्षरं. एका मुलाला काही मिनिटं पुरतात. हे काम एकेकाला जवळ घेऊन, इतरांच्या कानाआड करा. सामुदायिक वाचनात काय काय लपतं ते तेव्हाच दिसतं.

चौथीतली एक मुलगी धडे खाडखाड वाचायची. वर्गात ती हुशार समजली जायची. चाचणीत न पाहिलेला उतारा समोर आला तेव्हा ती आधी कागदावर चित्र शोधायला लागली. मग तिला तिचं नेहमीचं पुस्तक दिलं. तिने धडा सुरू केला आणि मी मधेच पान उलटलं. तिचं बोट नव्या पानावरून फिरत राहिलं, तोंडून मात्र मागच्याच पानावरची वाक्यं येत राहिली. अख्खा धडा तिने ऐकून पाठ केला होता. इतकी तल्लख पोर चार वर्षं शाळेत येते आणि तिला वाचता येत नाही हे कुणाच्या लक्षातही येत नाही, याचं मला फार वाईट वाटलं. आज ती गोष्टीच्या गटात आहे.

पालकांना हे समजावताना 'असर'चे आकडे कामाला आले. 2024च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकणारी 23.4 टक्के निघाली. 2022 मध्ये हे प्रमाण 16.3 टक्के होतं. म्हणजे आपलं मूल अडखळतंय याचा अर्थ ते 'ढ' आहे असा नव्हे. देशभर हीच अडचण आहे, आणि नेट लावला तर दोन वर्षांत फरकही पडतो.

तिसरी-चौथी एकत्र करून आम्ही तीन गट केले. नावं पक्ष्यांची, मुलांनीच निवडलेली. कोण कुठल्या पातळीवर आहे हे मुलांना कळतंच, ते लपवता येत नाही. पण दर महिन्याला पुन्हा चाचणी होते आणि जमलं की गट बदलतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की खालच्या गटात बसायची लाज उरत नाही. एक आजोबा भांडायलाच आले होते. 'मॅडम, आमचं पोरगं चौथीत हाय, त्याला तिसरीच्या लेकरांत कामून बसवलं?' त्यांना शेजारी बसवलं. नातवाला काय वाचता येतं ते आधी ऐकवलं, काय राहिलंय ते नंतर. दुसऱ्या दिवसापासून ते स्वतः त्याला परिपाठाच्या आधी आणून सोडायला लागले.

वेळेबद्दल माझं ठाम मत आहे. हा तास परिपाठ संपल्या संपल्या, शाळेच्या वेळातच हवा. मधली सुट्टी कापून किंवा शाळा सुटल्यावर थांबवून घेऊ नका. बाकीची पोरं ग्राउंडवर खेळतायत आणि आपण आत अक्षरं गिरवतोय, असं झालं की मूल वाचनावरच राग धरतं, आणि तो राग रास्त आहे.

तासाची घडी साधी आहे. पाच-सात मिनिटं गप्पा, मग मी मोठ्याने गोष्ट वाचते, मुलं आपापल्या कागदावर बोट ठेवून माझ्याबरोबर चालतात. पुढे बाराखडीचा तक्ता, शब्दांचे खेळ आणि शेवटी लिहिणं. खर्च जवळजवळ नाही. खडूने फरशीवर घरं आखून त्यात अक्षरं लिहिली की उड्या मारत शब्द बनवायला मुलं धावत येतात. लिहिण्याचा भाग घाईत गाळला जातो. तसं करू नका. 'काल घरी काय केलं' हे मोडकंतोडकं का होईना लिहिणारं मूल वाचनातही भराभर पुढे सरकतं, हे मी वर्षभर पाहतेय.

बाराखडी रोज आडवी-उभी वाचून घेणं हा या पद्धतीचा कणा. ज्यांना बरीचशी अक्षरं ओळखू येतात त्यांना त्याने काना-मात्रा पटकन उमगतात. पण ज्यांना आठ-दहाच अक्षरं येतात ती मुलं नुसत्या तालावर पुढे जातात. 'का कि की कु' झकास म्हणतात, आणि मधलाच 'के' दाखवला की पहिल्यापासून मनात म्हणत तिथवर पोचतात. या मुलांसाठी मी अक्षरगटांची वाट धरली. अमेरिकेतून येऊन फलटणला अनेक वर्षं राहिलेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन उभं केलं, आणि मराठी वाचायला शिकवण्याचा फार मोलाचा विचार केला. वर्णमालेच्या क्रमाने न जाता थोडी अक्षरं घ्यायची आणि त्यांच्या जोडीला लगेच एखादं स्वरचिन्ह. क, म, ल, र आणि काना एवढ्यावर 'काम', 'मला', 'लाल', 'राम', 'काका', 'मामा', 'कमल', 'कारला' एवढे शब्द वाचता येतात. पहिल्याच आठवड्यात मुलाला अर्थ असलेला शब्द स्वतःच्या बळावर वाचता येणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे त्याचा चेहरा पाहिल्याशिवाय कळत नाही. घ आणि ध, भ आणि म, प आणि ष अशा दिसायला जवळच्या जोड्या मी मुद्दाम लांब लांब ठेवल्या. त्याचा चांगला उपयोग झाला.

आता अडचणीची जागा. उताऱ्यापर्यंत सरसर आलेली मुलं तिथे थबकली, आणि कारण बहुतेक वेळा जोडाक्षर निघालं. एकाने 'गर्दी' हा शब्द 'गदीर' वाचला. बाकीची हसली, पण त्याने डोळ्यांना दिसलं तेच वाचलं होतं. रफार 'दी'च्या डोक्यावर, अगदी शेवटी दिसतो. हा र पुढच्या अक्षरावर लिहितात आणि त्याच्या आधी उच्चारतात, हे कुणीतरी त्याला सांगायला नको का? ह्रस्व वेलांटीचंही तसंच, दिसते आधी आणि उच्चारायची नंतर. एकटा र पाहिला तरी 'गर्दी', 'चक्र', 'ट्रक', 'वाऱ्यावर' अशी त्याची किती रूपं! मोठ्यांना ही सवयीने दिसेनाशी झालेली असतात. त्यामुळे उताऱ्याच्या गटासाठी रोज दहा-पंधरा मिनिटं निव्वळ जोडाक्षरांना दिली. 'गर्दी, वर्दी, सर्दी' एका ओळीत, टाळी वाजवत, 'गर्' वर एक आणि 'दी' वर एक. नंतर चक्र-वक्र. एका वेळी एकच रूप, ते पक्कं झाल्यावर दुसरं. नुसतं भरपूर वाचून जोडाक्षरं आपोआप येतील असं म्हणणारे भेटतात. घरात पुस्तकं असलेल्या मुलांना येतही असतील. आमच्या मुलांना शिकवावी लागली.

दुसरी जागा समजण्याची. 2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचावेत असं उद्दिष्ट आहे. वेगाला महत्त्व आहेच. अक्षर जुळवण्यात सगळी शक्ती खर्च झाली की वाक्याच्या शेवटी येईपर्यंत सुरुवात विसरायला होते. पण घड्याळ लावलं की मुलं नुसती धावतात आणि 'समजून' हा भाग मागे पडतो. गोष्टीच्या पातळीला पोचलेल्या मुलाने सगळी गोष्ट न चुकता वाचली, आणि 'मग शेवटी बकरी कुणाला सापडली?' विचारल्यावर तो माझ्याकडे बघत राहिला. 'असर'च्या कागदावर तो वरच्या पातळीचाच धरला जातो. त्या कागदाचं काम पातळी चटकन ओळखण्यापुरतं आहे, त्याच्याकडून जास्त मागू नये. आमच्याकडे आता वाचून झालं की पुस्तक मिटून गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची, आणि एक प्रश्न असा विचारायचा की ज्याचं उत्तर पुस्तकात छापलेलं नाही. 'तू तिच्या जागी असतीस तर?' हा त्यांचा सगळ्यात लाडका.

तांड्यावरून, म्हणजे बंजारा वस्तीवरून, येणाऱ्या मुलांची गोष्ट थोडी निराळी आहे. घरी त्यांची गोरमाटी बोली, शाळेत पुस्तकी मराठी. शब्द वाचला तरी तो ऐकलेलाच नसेल तर अर्थ कुठून लागणार? त्यांच्याकडून मी त्यांचीच वाक्यं घेते, जशीच्या तशी फळ्यावर लिहिते आणि तीच वाचायला देते. एका मुलीच्या वाक्यात 'याडी' होतं. फळ्यावर ते अक्षरांत पाहून ती उठून पुढे आली आणि त्यावर हात ठेवून उभी राहिली. तोवर ती वर्गात फारशी बोलत नसे. 'याडी' शेजारी 'आई' लिहिलं, आणि त्या दिवसापासून तांड्यावरच्या पोरांनी फळ्यासाठी वाक्यं आणायचा सपाटा लावला.

वाचायला पुस्तकं लागतात, आणि ती सतत नवी लागतात. प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ 2015 पासून आहे. तिथे मराठी गोष्टी फुकट उतरवून घेता येतात, छापून वाटायलाही परवानगी आहे. गोष्टींच्या चार पातळ्या आहेत; पहिल्या पातळीवर पानाला एक-दोन ओळी. आम्ही काळ्यापांढऱ्या प्रती काढून दोऱ्याने शिवल्या आणि चित्रं मुलांनी रंगवली. रंगवलेलं पुस्तक घरी न्यायला मिळतं याचं त्यांना अप्रूप आहे. घरी आजीला गोष्ट वाचून दाखवून यायची, एवढाच आमचा गृहपाठ.

निकाल विचाराल तर, जुलैत अक्षरांच्या गटात असलेली आणि शाळेत टिकून राहिलेली बहुतेक मुलं आज उतारा वाचतात, काही गोष्टही. काहीजण मात्र फारसे हलले नाहीत, आणि त्यांच्याबद्दल बोललंच पाहिजे. एकाला लांबचं दिसतच नव्हतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आलं तेव्हा डोळे तपासले, चष्मा लागला, आणि पुढच्या महिन्यात गडी भराभर सुधारला. दुसरी मुलगी रोज येते, जीव तोडून प्रयत्न करते, पण आज ओळखलेलं अक्षर उद्या तिला परकं वाटतं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता धरलेली आहे. तिच्यासाठी समग्र शिक्षा या सरकारी योजनेतल्या विशेष शिक्षकांना बोलावून रीतसर तपासणीची प्रक्रिया सुरू केलीय. वर्षभर ठेवलेल्या तिच्या नोंदी आणि वह्या तिथे फार कामाला आल्या. तेव्हा प्रत्येक मुलाच्या नावाने एक पान ठेवाच. पण कृपा करून स्वतःच कुणावर शिक्का मारू नका, आणि पुरेसं शिकवण्याआधी तर मुळीच नाही.

अजून एक गोष्ट. बालसखीच्या त्या अभ्यासात मुलांची प्रगती झाली खरी, पण कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात त्यातली बरीच ओसरली होती. म्हणून उतारा आला की तास बंद करू नका. गोष्टीच्या गटातली मुलं आठवड्यातून काही वेळा तरी नवं वाचत राहिली पाहिजेत.

दिवाळीनंतर फडावर गेलेल्या मुलांना शिक्षण हमी कार्डासोबत (स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसरीकडच्या शाळेत बसता यावं म्हणून देतात ते) शिवलेल्या पुस्तकांचा गठ्ठा दिला होता. फोनवर वाचून पाठवायला सांगितलं. एका मुलाने कोपीतून रेकॉर्ड करून पाठवलेल्या गोष्टीत मागे ट्रॅक्टरचा आवाज आहे आणि मधेच आई 'मोठ्यानं वाच' म्हणते. सगळ्यांना ते जमलं नाही, फोन बापाबरोबर फडात असतो. आता टोळ्या परत यायला लागल्यात. या मुलांची चाचणी ती आल्याच्या आठवड्यातच घ्यायचं आम्ही ठरवलंय आणि लगेच गटात बसवणार आहोत. तुमच्याकडेही अशी मुलं परतत असतील तर जूनची वाट पाहू नका. एप्रिलचे मिळतील तेवढे दिवस त्यांना द्या, आणि सुट्टीत घरी न्यायला पुस्तकं आत्ताच छापून ठेवा.