२.१५ मीटरची खोल कील: शर्यत आणि भटकंती, दोन्हीत वापरल्यावर

शिडाची नौका ११ मीटरची. कीलचे, म्हणजे बुडाखालच्या वजनदार उभ्या पात्याचे, दोन पर्याय होते: २.१५ मीटर ड्राफ्टची (पाण्यातली खोली) खोल, अरुंद फिन किंवा १.७५ मीटरची, खाली जाड बल्ब (वजनाचा गोळा) असलेली उथळ. मी खोल घेतली. हंगामभर क्लबच्या शर्यती आणि मधल्या दिवसांत घरच्यांबरोबर भटकंती, एवढ्या वापरानंतर लिहितोय.

फरक जाणवतो तो वाऱ्याकडे चढताना, आणि तिथे तो चांगलाच जाणवतो. कील म्हणजे पाण्यात उभा धरलेला पंख. जितका लांब, तितकी टोकाशी भोवऱ्यांत वाया जाणारी ताकद कमी. शिडांचा तेवढाच आडवा जोर पेलताना उथळ कीलचा हा विरोध ढोबळ हिशेबाने दीडपट होतो. ती वाऱ्याखाली घसरतेही जास्त. एक अंश जादा घसरण म्हणजे सागरी मैलामागे सुमारे ३२ मीटर वाया, आणि मार्क (शर्यतीतली वळणाची खूण) गाठताना तेवढ्यासाठी दोन टॅक (वारा दुसऱ्या बाजूला घेण्याची वळणं) जास्त मारावे लागू शकतात. एक गोष्ट मात्र शिकावी लागते. टॅकनंतर वेग पडलेला असताना लगेच वाऱ्याकडे तोंड करू गेलात तर अरुंद फिन पाण्यावरची पकड सोडते आणि नौका नुसती आडवी सरकते. आधी वाऱ्यापासून थोडं दूर वळून वेग घ्यायचा, मग चढायचं.

वाऱ्याबरोबर जाताना हा फायदा जवळजवळ संपतो. शिवाय वेगवेगळ्या नौकांच्या वेळा तुलनेसाठी सुधारणारी रेटिंग पद्धत आयआरसी असो की ओआरसी, रेटिंगमध्ये ड्राफ्ट धरलेला असतो. खोल कीलची किंमत तुम्ही सेकंदांत चुकवत असता. वर-खाली मार्कांच्या छोट्या शर्यतीत ती वसूल होते. बाजूच्या वाऱ्यावरच्या लांब शर्यतीत उथळ कीलवाली जुळी नौका आमच्या मागून येते आणि सुधारित वेळेत वर जाते. चीड येते, पण हिशेब बरोबर असतो.

आता भटकंती. लोक विचारतात, ‘कुठे जाता येत नाही?’ खरं तर ‘केव्हा जाता येत नाही?’ असं विचारायला हवं. खाडीच्या तोंडाशी नकाशावर १.२ मीटर खोली असलेली पट्टी घ्या. ओहोटीची उंची ०.५, भरतीची ३.५ मीटर; ही उंची नकाशावरच्या खोलीत मिळवायची. कीलखाली अर्धा मीटर पाणी हवं, तर मला १.४५ मीटर भरती लागते, उथळ कीलला १.०५. बाराव्या हिश्श्याच्या नियमाने (सहा तासांत पाणी अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ बारांश चढतं) मांडलं तर ओहोटीच्या दोन्ही बाजूंना मला सुमारे ४०-४० मिनिटं जास्त थांबावं लागतं. आकडा छोटा वाटतो, पण अंधार पडायच्या आत नांगर टाकायचा असेल आणि मुलं कंटाळलेली असतील तर छोटा राहत नाही. उधाणाच्या दिवसांत ओहोटी आणखी खाली जाते, त्यामुळे भटकंतीच्या तारखा मी आता भरतीचं कोष्टक बघूनच ठरवतो.

नांगर टाकल्यावर आम्ही बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूला, इतरांपेक्षा जास्त डुलत. किनाऱ्यापर्यंत डिंगी लांब वल्हवावी लागते. याची सवय होते, निदान मला झाली.

टेकण्याचा धोका वेगळाच. खोल फिनचा तरफेसारखा दाब कीलच्या मुळाशी येतो; पुढून आपटली की मागची कड वर, बुडाच्या सांगाड्यात घुसू पाहते. कठीण तळाला लागली तर नौका बाहेर काढून कीलचे बोल्ट आणि आतला सांगाडा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. मऊ गाळात नौका कलवली की फिन थोडी वर येते, कागदावर २० अंशांना २.१५ चे २.०२ मीटर. तळाशी दोन्ही बाजूंना आडवे पंख असलेल्या कीलला ही युक्ती चालत नाही; कलल्यावर तिचा एक पंख आणखी खाली जातो.

पुन्हा घ्यायची झाली तर? आठवड्याला शर्यत असेल तर हीच. वर्षातून मोजक्याच शर्यती आणि बाकी सगळा वेळ खाड्यांत जाणार असेल तर उथळ घ्या, आणि घेताना सुकाणूचं खालचं टोक कीलच्या किती वर आहे ते मोजा. उथळ कीललाही तेच खोल सुकाणू लावलेलं असेल तर तळाला पहिल्यांदा तेच लागायचं.