संख्यारेषेची पट्टी आणि पत्ते: जूनपासून वापरल्यावर

कोथरूडला घरी आठवीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते. शाळा सुरू होताना अप्पा बळवंत चौकातून हा संच आणला. भिंतीवर लावायची कापडी संख्यारेषा आणि संख्यांचे पत्ते. पूर्णांक, अपूर्णांक, दशांश, शेकडेवारी, वर्गमुळं, सगळं एकाच गठ्ठ्यात. पत्ते पिसायचे, वाटायचे आणि पट्टीवर चिमट्याने चढत्या क्रमाने लावायचे.

मुलांना लसावि काढून छेद समान करता येतात, पण ६२%, ५/८ आणि √०.४ शेजारी आले की हात थांबतो. परवा एका मुलीने ०.६२ आणि ०.६२५ पटकन लावले. वर्गमूळ काढायला मात्र ती बसलीच नाही. ५/८ चा वर्ग केला, २५/६४, म्हणजे ०.४ पेक्षा थोडा कमी. "ताई, दोन्ही धन आहेत ना, मग ज्याचा वर्ग मोठा तोच मोठा," म्हणाली आणि √०.४ उजवीकडे लावून मोकळी झाली. मला फार आनंद झाला. वहीत <, > चिन्ह अंदाजाने टाकून सुटता येतं; इथे पत्त्याला जागा द्यावीच लागते.

ऋण संख्यांना तर पट्टीचा सर्वांत जास्त उपयोग. -०.८ हा -३/४ पेक्षा लहान, हे शून्यापासून डावीकडे मोजत गेलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

आता तक्रारी. एका एककाचे दहाच भाग केलेत, त्यामुळे जवळजवळच्या संख्यांचे पत्ते एकमेकांवर बसतात. आम्ही ०.६ ते ०.७ चा तुकडा आलेखाच्या कागदावर मोठा करून घेतला. पावसाळ्यात पत्त्यांच्या कडा सुटल्या, ते चालवून घेतलं. पण उत्तरपुस्तिकेत π आणि २२/७ एकाच बिंदूवर दाखवलेत, हे अजिबात चालण्यासारखं नाही. २२/७ म्हणजे ३.१४२८…, π म्हणजे ३.१४१५…, क्रम ३.१४, π, २२/७ असाच. शिवाय एक परिमेय, दुसरी अपरिमेय, त्या समान असूच शकत नाहीत. आठवीच्या मुलांना नेमका हाच फरक शिकवायचा असतो!

आठवीच्या शिष्यवृत्तीची तयारी करून घेणाऱ्यांनी जरूर घ्यावा, उत्तरपुस्तिका मात्र मुलांच्या हाती देऊ नका. पाचवीसाठी नको, वर्गमुळं आणि ऋण संख्या काढल्या तर फारच थोडे पत्ते उरतात.