स्लीव्ह सर्जरीनंतरचे दहा महिने: टार्गेट ६० किलो नाही, ८५ ठेवलं

मागच्या दिवाळीनंतर नागपुरातच माझी स्लीव्ह (वजन कमी करायला पोटाचा बराचसा भाग काढून टाकायचं ऑपरेशन) झाली, आता पोळा होऊन गेला, म्हणजे दहा महिने झाले. सर्जरी कशी करतात, किती दुखतं यावर खूप लोकांनी लिहिलंय, पण किती वजन कमी होईल आणि कुठे थांबेल यावर सरळ कोणी बोलत नाही, म्हणून मी फक्त त्यावरच लिहिते. वय ४२, उंची १६० सेंटीमीटर, सुरुवातीचं वजन ११८.

सगळ्यात आधी टार्गेटचं. घरात, ऑफिसात ज्याला-त्याला वाटते की पोट कापलं म्हणजे बाई आता साठ किलोची होणार. चार्टमध्ये माझ्या उंचीला बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २५ म्हणजे ६४ किलो येते, आपल्या लोकांसाठी तर २३ च्या वर गेलं की जास्तच धरतात. पण सर्जरीचा हिशोब चार्टवरून नसतो, आणि हे मला डाएटिशियन मॅडमनी पहिल्याच दिवशी कागदावर करून दाखवलं त्याचं मी त्यांना मनापासून धन्यवाद देते. ११८ मधून ६४ गेले की ५४ किलो जास्तीचं वजन. स्लीव्हमध्ये साधारण या जास्तीच्या वजनाचं ५० ते ६० टक्के जाते, पोटाच्या बायपासमध्ये (यात पोट लहान करून थेट पुढच्या आतड्याला जोडतात) थोडं जास्त. ६० टक्के धरलं तरी ३२ किलो, म्हणजे मी ८६ च्या आसपास थांबणार. दुसऱ्या पद्धतीने बघा, एकूण वजनाच्या २५ ते ३० टक्के, तरी तेच उत्तर येते. मी तिथेच ८५ लिहून टाकलं आणि तो कागद फ्रीजवर लावला.

माझी जाऊबाई म्हणाली, एवढं मोठं ऑपरेशन करून ८५ च? मी म्हटलं हो, ८५ च. कारण शुगर, घोरणं, गुडघे यांना ६४ ची वाट बघावी लागत नाही, त्याच्या खूप आधीपासून फरक पडायला लागतो.

आता प्रत्यक्षात काय झालं ते. ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे लिक्विड डाएट होतं, लिव्हर थोडं लहान व्हावं म्हणून, त्यातच चार-पाच किलो गेले. नंतर पहिले दोन आठवडे भरभर, आणि तिसऱ्या आठवड्यात काटा १०८ वर जाऊन बसला तो हलेचना! रोज सकाळी चढायची, १०८.२, १०८.४, १०८.१. प्यायला डाळीचं पाणी आणि ताक, खायला काही नाही, तरी वजन तिथंच. हा थांबा बहुतेक सगळ्यांना येतो. शरीरातला ग्लायकोजनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा आणि त्यासोबतचं पाणी आधी जाते, मग थोडं पाणी परत धरून ठेवते, काही बिघडलेलं नसते. मी शिवणकामाची फीत घेऊन कंबर मोजली तर काटा हलला नव्हता पण फितीवर तीन सेंटीमीटर कमी होते. तेव्हापासून मी ठरवलं की वजन आठवड्यातून एकदा, सोमवारी सकाळी, आणि फीत महिन्यातून एकदा. रोज काट्यावर चढणाऱ्यांना माझं अगदी कळकळीचं सांगणं आहे की असं करू नका, त्याने फक्त मन खचते.

तीन महिन्यांत ९९ झालं, मे महिन्यात ९१, मग जूनभर परत ठप्प, आणि आज ८७. म्हणजे ३१ किलो. वेग कमी होत जातो हे आधीच माहीत असलं की त्रास होत नाही, बहुतेक वजन पहिल्या वर्ष-दीड वर्षात जाते आणि मग शरीर स्थिरावते.

उन्हाळ्याचं वेगळं सांगते कारण नागपूरच्या मे महिन्याची गोष्ट डॉक्टरांच्या छापील कागदात नसते. ४५ डिग्रीमध्ये बाहेरून आलं की आपण तांब्याभर पाणी एका दमात पितो, ते आता जमत नाही, पोटाची नुसती नळी उरलेली असते, जवळजवळ तीन चतुर्थांश पोट काढलेलं असते. घोट घोट करूनच प्यायचं, जेवणासोबत नाही, जेवणानंतर अर्धा तास थांबून. मी एक लिटरच्या दोन बाटल्या भरून ऑफिसला न्यायची आणि सुटी होईपर्यंत त्या संपवणं हेच माझं त्या महिन्याचं टार्गेट होतं, वजनाचं नाही. ज्यांना तारीख निवडता येते त्यांनी उन्हाळ्याच्या तोंडावर सर्जरी ठेवू नये, असं माझं मत आहे.

खाण्यात पहिला नंबर प्रोटीनचा, दिवसाला ६० ते ८० ग्रॅम सांगतात. एका अंड्यात सहा ग्रॅम, पावशेर दुधात आठ, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा-वीस, असा हिशोब करत बसावं लागते कारण पोटात जागाच नाही. आधी अंडं किंवा पनीर, मग भाजी, मग उरलं तर भाताचा घास. रविवारी सगळे तर्री पोहे आणतात, मी छोट्या वाटीत चार चमचे पोहे घेते आणि वरून चणे जास्त, तर्री अगदी थोडी. चावून चावून खाल्लं तर उतरते, घाईत एक घास गिळला तर छातीत अडकतो आणि पंधरा मिनिटं कोणाशी बोलवत नाही. सावजीचा मसाला मला सहा महिन्यांनंतरही नीट झेपत नाही, जळजळ होते. स्लीव्हनंतर ॲसिडिटी वाढू शकते, ज्यांना आधीपासूनच खूप त्रास आहे त्यांनी डॉक्टरांशी बायपासबद्दल नक्की बोला.

केस गेले. चौथ्या महिन्यात कंगव्यात गुच्छेच्या गुच्छे यायचे, रडू यायचं. वजन झपाट्याने उतरलं की होते, नंतर थांबते, माझे आता कपाळाजवळ बारीक नवीन केस येऊन राहिले आहेत. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी-३ या गोळ्या जन्मभराच्या आहेत, त्यांचा खर्चही आधीच धरा. पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून पहिले सहा महिने वेगळी गोळी होती. पोटाची आणि दंडाची कातडी लोंबते, ती व्यायामाने पूर्ण जात नाही.

वजनाशिवायची माझी टार्गेटं अशी होती: एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) सहाच्या खाली (८.२ चं ५.९ झालं, डॉक्टरांनी गोळी बंद केली), फुटाळा तलावावर न बसता एक पूर्ण फेरी, आणि सीताबर्डी मेट्रो स्टेशनच्या पायऱ्या लिफ्ट न घेता. तिन्ही झाली, आणि ती झाली तेव्हा वजन ९० च्या आसपासच होतं! घोरणं बंद झालं हे ह्यांनी सांगितलं, मला कुठून कळणार.

एका लग्नात मावशीने सगळ्यांसमोर विचारलं, अजून किती राहिलं गं? मला वाईट वाटलं, पण आता उत्तर तयार असते, दोन किलो. साठचं टार्गेट धरून बसली असती तर सत्तावीस सांगावं लागलं असतं.

इन्शुरन्समधून सर्जरी करणाऱ्यांनो, पॉलिसीत साधारण बीएमआय ४०, किंवा ३५ सोबत शुगर, स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) असं काही गंभीर असेल तरच क्लेम बसतो, वेटिंग पिरियडही आधी बघून घ्या. आणि तरुण मुलींनो, बाळाचा विचार असेल तर सर्जरीनंतर वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात, ते लग्नाआधीच घरी बोलून ठेवा.

माझं पुढचं टार्गेट पुढच्या दिवाळीपर्यंत ८५, आणि त्यानंतर ८५ ते ८९ च्या मध्ये राहणं. दोन वर्षांनंतर थोडं वजन परत चढणं बऱ्याच जणांत होते, म्हणून ते चार किलो मी आत्ताच हिशोबात धरलेत. ९० दिसलं की त्याच आठवड्यात डाएटिशियनकडे जायचं, हे ह्यांनाही सांगून ठेवलंय.