चासी नंबर जुळला, तरी पिकअप चोरीची निघाली

२०२५ च्या पाडव्याच्या आधी मी जुनी पिकअप घेतली. जुन्नर तालुक्यात आमची टोमॅटोची शेती आहे. हंगामात रोज नारायणगावच्या मार्केटला क्रेट न्यावे लागतात आणि भाड्याची गाडी वेळेवर आली नाही की तोडलेला माल बांधावर उन्हात बसतो. म्हणून घरची गाडी हवी होती. ४ लाख ८५ हजारांना सौदा ठरला. थोडं पतसंस्थेचं कर्ज, बायकोचं गंठण गहाण आणि उरलेले घरात होते तेवढे.

मी डोळे झाकून पैसे दिले नव्हते, म्हणूनच हे लिहितोय. आरसी बुक पाहिलं. अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला, बोजा नव्हता. ई-चलन एकही नव्हतं; वाटलं, आधीचा मालक जपून चालवणारा असेल. चासी नंबर तर एजंटने स्वतः वाकून दाखवला. उजव्या बाजूला, पुढच्या चाकाच्या मागे, चासीच्या लांब चॅनेलवर. "शेठ, हा घ्या टॉर्च, एकेक आकडा वाचा," म्हणाला. मी जमिनीवर बसून सतराच्या सतरा अक्षरं मोठ्याने वाचली, धाकटा भाऊ आरसी हातात धरून "बरोबर, बरोबर" म्हणत होता. एकही चूक नाही. तिथेच इसार दिला.

टीटीचे, म्हणजे गाडी नावावर करायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म आधीच्या मालकाच्या सहीचे तयार होते. तो मालक मात्र कधी समोर आला नाही. "लांबच्या जिल्ह्यात असतो, मे महिन्यात पासिंग आहेच, तेव्हा गाडी नावावर करून घेऊ," असं एजंट म्हणाला. मी मानलं.

दोन महिने गाडी चालवली. मेमध्ये पासिंगला आरटीओत नेली. साहेबांनी ब्रेक, लाइट पाहिले आणि मग खाली वाकले. चॅनेलवरचा चिखल फडक्याने पुसला आणि नंबरावरून अंगठा फिरवला. परत फिरवला. मग मला म्हणाले, "इकडे या, तुम्हीच हात लावून बघा." मी लावला. आजूबाजूचं लोखंड खरखरीत होतं, पण नंबराच्या खाली वीतभर पट्टा गुळगुळीत आणि किंचित खोलगट लागला, ग्राइंडर फिरवल्यासारखा. त्यांनी पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासली. छाप उमटली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. आकडे एका ओळीत नव्हते. एक ८ खोल गेलेला, पुढचा ३ वर उचललेला, दोन अक्षरांमधलं अंतर कुठे जास्त, कुठे कमी. कंपनीत मशीनवर पडलेला नंबर असा डुगडुगत नाही. हा कोणीतरी हातोडीने एकेक अक्षर ठोकून पाडला होता.

नंतर साहेबांनी ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढला. त्याच्या मुळाशी कापडाची चिठ्ठी शिवलेली असते, तिच्यावर पट्टा बनल्याचा महिना असतो. तिथे नोव्हेंबर २०१९ होतं. आरसीवर गाडी बनल्याचा महिना मार्च २०१९. गाडी मार्चमध्ये बनली असेल तर तिला नोव्हेंबरचा पट्टा कसा? पट्टा कधी बदलतातही, पण मग साहेबांनी काचांच्या कोपऱ्यातल्या खुणा पाहिल्या. त्याही मार्चनंतरच्याच.

गाडी तिथेच थांबवली गेली आणि पोलीस आले.

हा धंदा कसा चालतो ते मला पोलीस स्टेशनच्या बाकावर कळलं. एखाद्या पिकअपचा मोठा अपघात होतो, विमा कंपनी तिचा टोटल लॉस ठरवते, म्हणजे दुरुस्ती परवडणारी नाही असं. तो सांगाडा भंगारात जातो. पण आरसी परत जमा करून नोंद रद्द व्हायला हवी, ती कधीकधी होत नाही. हे लोक सांगाडा घेतात तो त्या कागदांसाठी. मग त्याच मॉडेलची, त्याच रंगाची चालू गाडी चोरतात, तिचा नंबर घासतात आणि अपघातातल्या गाडीचा नंबर तिच्यावर ठोकतात. म्हणून माझे सतरा आकडे जुळले. ते जुळावेत म्हणूनच ठोकलेले होते.

चलन एकही का नव्हतं, तेही तेव्हा उमगलं. ज्या अपघातातल्या गाडीचा तो नंबर होता, ती दीड वर्ष रस्त्यावर नव्हतीच. विम्याच्या कागदांतही तेवढाच खंड होता आणि नवी पॉलिसी सौद्याच्या महिनाभर आधीची. हे सगळं माझ्या हातातल्या फायलीत होतं. मी फक्त आजची तारीख पाहिली, मागची साखळी पाहिली नाही. चोरीच्या गाड्यांची नोंद तपासायला एनसीआरबीचं, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाचं, 'वाहन समन्वय' हे पोर्टल आहे, तिथेही मी नंतर नंबर टाकून पाहिला. चोरीची नोंद नाही, असंच आलं. नंबर चोरीचा नव्हताच, त्याच्याखालचं लोखंड चोरीचं होतं.

तुम्ही जुनी गाडी घेत असाल तर नुसता नंबर वाचू नका, ती जागा बघा. तिथेच नवा काळा रंग मारलेला आहे का? ठसा स्वतः घ्या. साधा कागद आणि पेन्सिल पुरते. तो आरसीसोबत आपल्या मिस्त्रीला दाखवा, त्याने शंभर ठसे पाहिलेले असतात. कंपनीने रिव्हेटने ठोकलेली चासी नंबराची पट्टी वेगळी असते, तिचे रिव्हेट बदललेले दिसले तर तिथेच थांबा. सतरा अक्षरांत आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, १ आणि ० शी गल्लत होऊ नये म्हणून. ती दिसली तर विषयच संपला. इंजिन नंबरही असाच हात लावून पाहा. माझ्या गाडीचा तोही घासलेला होता. आणि आरसीवरच्या मालकाला प्रत्यक्ष भेटल्याशिवाय पैसे देऊ नका. माझी सगळ्यात मोठी चूक तीच.

माझं नशीब एवढंच की निम्मे पैसे बँकेतून दिले होते आणि स्टॅम्पवर सौदापावती केली होती. त्यामुळे जबाब माझा घेतला, पण आरोपी म्हणून नाही. एजंटचा फोन त्या दिवसापासून बंद आहे. गाळा भाड्याचा होता.

फॉरेन्सिकच्या लोकांनी घासलेल्या जागेवर रसायन लावलं. अंक ठोकताना खालचं लोखंडही दबतं, वरून घासलं तरी तो दाब आत राहतो, आणि रसायनाने जुने आकडे अंधूक वर येतात. सगळे आले नाहीत, पण खरा मालक सापडायला पुरे झाले.

तो माणूस दुसऱ्या जिल्ह्यातून एसटीने आला. भाजीपाल्याची गाडी चालवणारा, माझ्याच वयाचा. आल्या आल्या तो गाडीच्या मागच्या फाळक्याकडे गेला, खाली हात घातला आणि ताडपत्री बांधायला वेल्ड केलेली एक कडी दाखवली. "ही मी गावात लावून घेतली होती, थोडी तिरपी लागलीय." ती तिरपीच होती. मी दोन महिने रोज त्याच कडीला दोर बांधला होता.

गाडी चोरीला गेल्यावरही त्याचे हप्ते चालूच होते. पोलीस स्टेशनबाहेर आम्ही चहा घेतला. तो माझ्यावर रागावला नाही, उलट माझे किती गेले ते विचारत राहिला. कोर्टातून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन असं लिहून देऊन, गाडी त्याला मिळाली. निघताना केबिनमधला माझा टोमॅटोचा एक रिकामा क्रेट त्याने काढून माझ्या हातात दिला.

माझी केस चालू आहे. गंठण अजून पतसंस्थेतच आहे.