एक ट्रक, तीन अल्बम: काही महिन्यांच्या नित्य श्रवणानंतर

लेड झेपलिनचा चौथा अल्बम, रोलिंग स्टोन्सचा 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट' आणि डीप पर्पलचा 'मशीन हेड' हे ब्रिटिश रॉक गटांचे तीन अल्बम मी गेले काही महिने जवळजवळ रोज ऐकत आलो आहे; तेही सुटी गाणी म्हणून नव्हे, तर मूळ क्रमाने, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत. हेच तीन निवडण्यामागे कारण आहे. १९७१ या एकाच वर्षात, एकाच ट्रकमधल्या यंत्रांवर या तिन्हींचे बरेचसे ध्वनिमुद्रण झाले: आधी इंग्लंडमधल्या एका जुनाट इमारतीत, मग फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका बंगल्याच्या तळघरात आणि डिसेंबरमध्ये स्वित्झर्लंडमधल्या, हिवाळ्यासाठी बंद ठेवलेल्या हॉटेलात. यंत्रे तीच असूनही तिन्ही अल्बमचा आवाज एकमेकांशी अजिबात जुळत नाही. रॉक संगीताच्या पार्श्वकथा ढिगाने सांगितल्या जातात आणि त्यांतल्या बहुतेक निव्वळ गप्पा असतात. मात्र जी कथा प्रत्यक्ष आवाजात ऐकू येते, ती माहीत असणे श्रोत्याच्या खरोखर उपयोगाचे असते, असे माझे मत या श्रवणातून पक्के झाले आहे.

हा ट्रक रोलिंग स्टोन्सच्या मालकीचा होता. त्यांचा जुना सोबती आणि पियानोवादक इयन स्टुअर्ट याच्या पुढाकाराने तो उभा राहिला. गटाचा गायक मिक जॅगर याच्या स्टारग्रोव्ह्ज या घरी स्टुडिओच्या घड्याळाकडे न पाहता काम करता यावे, हा मूळ उद्देश होता. ट्रक दाराशी उभा करायचा, केबल खिडकीतून आत न्यायच्या, वादकांनी घरात वाजवायचे आणि इंजिनिअरने ट्रकमध्ये बसून टिपायचे, अशी ही व्यवस्था. स्टुडिओतील खोली ही मुद्दाम घडवलेली असते. येथे मात्र जी खोली मिळेल तीच वाद्यांसोबत ध्वनिमुद्रित होणार होती. हा ट्रक आज कॅनडातील कॅलगरी येथील नॅशनल म्युझिक सेंटरमध्ये जतन केलेला आहे.

खोली ऐकायची असेल, तर लेड झेपलिनच्या अल्बममधले शेवटचे गाणे, 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स', आधी घ्यावे. हॅम्पशायरमधली हेडली ग्रेंज ही इमारत १७९५ मध्ये गोरगरिबांना आसरा देऊन त्यांच्याकडून काम करून घेण्यासाठी बांधलेली, तीन मजली आणि थंडगार. जॉन बॉनमचा ड्रमसंच जिन्याखालच्या उंच दिवाणखान्यात मांडण्यात आला आणि अँडी जॉन्स या इंजिनिअरने नेहमीप्रमाणे प्रत्येक ड्रमजवळ माइक न लावता दोनच माइक वर जिन्यावरून खाली सोडले. त्यातून आलेल्या आवाजातला चढउतार दाबून, त्याला बिनसन कंपनीच्या यंत्राचा प्रतिध्वनी जोडण्यात आला. चांगल्या हेडफोनवर पहिले काही ठोके लक्षपूर्वक ऐकले, की प्रत्येक ठोक्यामागोमाग एक सावलीसारखा ठोका येतो आणि त्याच्याही मागे जिन्याच्या पोकळीचा लांबट हुंकार उरतो, हे स्पष्ट कळते. ड्रम समोर नसून कुठेतरी खाली, विहिरीच्या तळाशी वाजत आहेत, असे वाटत राहते. शिवाय ध्वनिफीत सावकाश फिरवल्यामुळे सारे गाणेच जड आणि संथ झाले आहे. मूळ ब्लूज गाणे कॅन्सस जो मॅकॉय आणि मेम्फिस मिनी या जोडीने १९२९ मध्ये ध्वनिमुद्रित केले होते. त्याचा विषय १९२७ चा मिसिसिपी नदीचा महापूर. पुराचे पाणी चढत जाण्याची जाणीव येथे शब्दांपेक्षा त्या दिवाणखान्याने जास्त दिली आहे. १९८६ मध्ये बीस्टी बॉइज या रॅप गटाने हेच ठोके उचलून आपल्या अल्बमच्या सुरुवातीला वापरले, यात नवल नाही.

याच अल्बममधले 'रॉक अँड रोल' हे गाणे दुसऱ्याच एका गाण्याची तालीम अडली असताना जन्माला आले. 'फोर स्टिक्स' काही केल्या जमेना, तेव्हा बॉनमने सहज लिटल रिचर्डच्या एका गाण्याची सुरुवात वाजवायला घेतली, जिमी पेजने त्यावर गिटार धरली आणि थोड्याच वेळात गाण्याचा सांगाडा तयार झाला. पियानोवर आहे तो इयन स्टुअर्ट. 'द बॅटल ऑफ एव्हरमोर'मधले मॅन्डोलिन हे जॉन पॉल जोन्सचे, पण ते पेजने सहज उचलून वाजवले होते. सोबत गाणारी सँडी डेनी ही लेड झेपलिनच्या स्टुडिओ अल्बमवर गायलेली एकमेव पाहुणी गायिका. रोजच्या ऐकण्यात हे गाणे दिवसेंदिवस वर चढत गेले. 'स्टेअरवे टू हेवन'चे नेमके उलटे झाले. ते उत्तम आहे, पण त्याचा प्रसिद्ध गिटारचा एकल भाग लंडनच्या आयलंड स्टुडिओत वाजवलेला आहे, गाणे पायरीपायरीने जिथे पोहोचायचे तिथे अचूक पोहोचते, आणि काही आठवड्यांनी त्यात शोधण्यासारखे फारसे उरत नाही.

मुखपृष्ठावर ना गटाचे नाव ना अल्बमचे, यावरून ध्वनिमुद्रिका कंपनीशी झालेल्या वादाची कथा मी गप्पांच्या गटात टाकतो. मुखपृष्ठावरच्या, पाठीवर काटक्यांची मोळी घेतलेल्या म्हाताऱ्याचा मूळ फोटो २०२३ मध्ये सापडला आणि तो विल्टशायरमधला छपरे शाकारणारा कामकरी असल्याचे समजले, ही बातमी मी आवडीने वाचली. ऐकण्यात तिने काही फरक पडला नाही.

डीप पर्पलच्या 'मशीन हेड'ची कथा सर्वांना ठाऊक असते, कारण तिचेच गाणे झाले. स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो येथील कॅसिनोत ध्वनिमुद्रण करायचे ठरले होते, परंतु ४ डिसेंबर १९७१ रोजी फ्रँक झापा या अमेरिकी संगीतकाराच्या कार्यक्रमात प्रेक्षकांपैकी कुणीतरी छताच्या दिशेने फ्लेअर गन झाडली आणि कॅसिनो जळून खाक झाला. सरोवरावर पसरलेला धूर, मुलांना बाहेर काढणारे माँत्रोच्या जॅझ महोत्सवाचे आयोजक क्लॉड नॉब्स आणि स्टोन्सचा ट्रक, हे सारे 'स्मोक ऑन द वॉटर'च्या शब्दांत जसेच्या तसे आहे. त्यानंतरचा भाग मात्र कमी सांगितला जातो. गट आधी पॅव्हिलियन नावाच्या नाट्यगृहात गेला. तेथे याच गाण्याचा वाद्यांचा भाग रात्री टिपला जात असताना आसपासच्या रहिवाशांच्या तक्रारींवरून पोलीस आले, आणि टेक (एका दमात टिपले जाणारे वादन) पूर्ण होईपर्यंत गटाच्या मदतनिसांनी दार आतून धरून ठेवले. पुढचे काम ग्रँड हॉटेलच्या मार्गिकेत, गाद्या उभ्या करून आवाज कोंडून झाले. ट्रकपर्यंत जायचे, तर खोल्या आणि बाल्कन्या ओलांडत मोठा फेरा पडे. त्यामुळे वाजवलेले पुन्हा ऐकायला जाणेच गटाने बंद केले.

ही शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. 'हायवे स्टार' किंवा 'पिक्चर्स ऑफ होम' ऐकताना वादकांनी स्वतःला तपासत बसण्याऐवजी एकमेकांकडे पाहून वाजवले आहे, हे जाणवते. जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल अँप्लिफायरमधून जात असल्यामुळे तो गिटारइतकाच खरखरीत येतो. ऑर्गन कुठे संपला आणि रिची ब्लॅकमोरची गिटार कुठे सुरू झाली, हे पुष्कळदा दहाव्या वेळेसही चटकन सांगता येत नाही. गादीबंद मार्गिकेमुळे आवाज कोरडा आणि अगदी जवळचा आहे. 'स्मोक ऑन द वॉटर' त्या मानाने किंचित मोकळे वाटते, आणि त्याचे श्रेय मी पॅव्हिलियनला देतो. त्याची सुप्रसिद्ध सुरुवात कंटाळा आला म्हणून टाळू नये: आधी एकटी गिटार, मग हाय-हॅट (ड्रमसंचातली झांजांची जोडी) आणि ऑर्गन, मग उरलेले ड्रम आणि सर्वांत शेवटी बेस (खालच्या सुरांची गिटार). बेस येताच गाण्याखाली जमीन आल्यासारखी होते. तरीही सातच गाण्यांचा हा अल्बम तिघांत सर्वांत लवकर पाठ होतो. 'नेव्हर बिफोर' हे गाणे गटाने सिंगल (स्वतंत्रपणे विकायचे गाणे) म्हणून मोठ्या अपेक्षेने निवडले होते. आज तेच सर्वांत सपाट वाटते. त्याच सत्रांत टिपलेले 'व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज' मात्र ब्लॅकमोरला न आवडल्यामुळे अल्बमबाहेर राहिले.

'एक्झाइल'ने सर्वांत जास्त वेळ घेतला आणि सर्वांत जास्त परतफेडही केली. करांच्या ओझ्यामुळे इंग्लंड सोडलेल्या स्टोन्सनी १९७१ च्या उन्हाळ्यात, गटाचा गिटारवादक कीथ रिचर्ड्स याने व्हिलफ्रांश-स्यूर-मेर येथे भाड्याने घेतलेल्या नेलकोट या बंगल्यात काम सुरू केले. तळघरात लहान लहान कोंदट खोल्या. पियानो एका खोलीत, गिटार दुसरीत, सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट आणखी कुठेतरी. उकाड्याने आणि दमटपणाने गिटारी सुरातून उतरत. 'व्हेंटिलेटर ब्लूज' हे नावच तळघरातल्या हवेच्या टंचाईची आठवण आहे. पहिल्या काही आठवड्यांत हा अल्बम मला चिखलासारखा वाटला: जॅगरचे शब्द कळत नाहीत, ब्रासवाद्ये गिटारींवर चढतात, कुणी कुणाला वाट देत नाही. खुद्द जॅगरनेही पुढे त्याच्या मिक्सिंगविषयी (वेगवेगळे टिपलेले आवाज एकत्र जुळवण्याविषयी) जाहीर नापसंती व्यक्त केली आहे. पण कान सरावल्यावर तो गाळ थरांत बसू लागतो. 'टम्बलिंग डाइस'मध्ये सोबतच्या गायिका जॅगरला मागून ढकलत राहतात, आणि त्यात बेस गटाचा नेहमीचा बेसवादक बिल वायमन याचा नसून गिटारवादक मिक टेलरचा आहे. 'हॅपी' तर वायमन आणि ड्रमवादक चार्ली वॉट्स दोघेही हजर नसताना सुरू झाले. ड्रमवर निर्माता जिमी मिलर बसला. जो हजर असेल त्याने हाताशी असेल ते वाजवावे, ही त्या घराची रीत अल्बमभर ऐकू येते.

येथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. सारा 'एक्झाइल' तळघरात झाला, ही दंतकथा आहे. काही गाण्यांची मुळे लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत आणि स्टारग्रोव्ह्जमध्ये आहेत, आणि गायनाचा व पूरक वाद्यांचा मोठा भाग लॉस एंजेलिसमधल्या सनसेट साउंड स्टुडिओत पूर्ण झाला. 'शाइन अ लाइट' ऐकताना छत एकाएकी उंच झाल्यासारखे वाटते, ते त्यामुळेच असावे. मला तरी हा बदल खटकत नाही. तळघरातून बाहेर पडल्याचा दिलासा तेथेच मिळतो.

ऐकण्याच्या साधनांविषयी थोडेसे. लेड झेपलिनला हेडफोन लाभतात, 'मशीन हेड'ला स्पीकर आणि थोडा चढा आवाज. 'एक्झाइल' हेडफोनवर दमवतो. तो खोलीत मोकळा सोडावा आणि आपण दुसरे काही काम करत राहावे. शफल (गाणी उलटसुलट क्रमाने वाजवण्याची सोय) तिन्हींसाठी बंदच ठेवावे, कारण 'व्हेंटिलेटर ब्लूज'मधून 'आय जस्ट वाँट टू सी हिज फेस'मध्ये नकळत होणारा प्रवेश तुटला, तर दोन्ही गाणी अर्धवट वाटतात. 'मशीन हेड'च्या १९९७ च्या आवृत्तीत डीप पर्पलचा बेसवादक रॉजर ग्लोव्हर याने केलेले नवे मिक्सिंग आहे. त्यात वाद्ये सुटी आणि स्वच्छ ऐकू येतात, पण मार्गिकेचा घट्टपणा सैल होतो, म्हणून ते मूळ अल्बम मुरल्यानंतरच ऐकावे. 'एक्झाइल'च्या २०१० च्या आवृत्तीतील जोडगाण्यांबाबत माझे मत अधिक कडक आहे. त्यांतल्या काहींवर जॅगरने जवळपास चाळीस वर्षांनी नव्याने गायले आहे, आणि जुन्या वाद्यमेळावर तो नितळ, समोर आणून ठेवलेला आवाज उपरा वाटतो.

नव्या श्रोत्याने 'मशीन हेड'पासून सुरुवात करावी, लेड झेपलिनकडे वळावे आणि 'एक्झाइल' शेवटी घ्यावा. दोन तबकड्यांच्या चार बाजूंचा तो अल्बम एका बैठकीत पेलत नसेल, तर 'स्वीट व्हर्जिनिया'पासून 'लव्हिंग कप'पर्यंतची दुसरी बाजू तेवढी आधी ऐकावी. ती मुख्यतः अकूस्टिक वाद्यांवर चालते, शब्द बऱ्यापैकी कळतात, आणि तिची सवय झाली की पहिल्या बाजूचा गोंगाट पुष्कळ सोपा जातो.