ताण उष्णतेचा की पाण्याचा? मोजायचं विकर निवडताना

रोपांना ताण द्यायचा, पानं तोडायची आणि पाच-सहा एन्झाइम, म्हणजे विकरं, मोजून टाकायची, असा बेत बरेच विद्यार्थी आखतात. माझं आग्रहाचं सांगणं असं, की आधी ताण कोणता ते ठरवा, मग त्याला साजेसं एकच विकर निवडा आणि तेच मन लावून मोजा.

प्रयोग उष्णतेचा असेल तर पानात कार्बन डायऑक्साइड पकडणारं विकर, रुबिस्कोच घ्या, पण नुसतं त्याचं प्रमाण मोजून भागणार नाही. रुबिस्को स्वतः ५० अंश सेल्सिअसच्या आसपासही तग धरतं. प्रकाशसंश्लेषण त्याच्या बरंच आधी घसरतं, कारण नाजूक असतं ते रुबिस्को ॲक्टिव्हेज. रुबिस्कोत अडकून बसलेले साखर-फॉस्फेटचे रेणू एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं चलन) खर्चून सोडवणारा हा मदतनीस १९८५ मध्ये ओळखला गेला. तो ढेपाळला की रुबिस्को जागेवर असूनही बंद पडतं. म्हणून अर्क काढल्याबरोबरची क्रियाशीलता आणि कार्बन डायऑक्साइड व मॅग्नेशियम देऊन पूर्ण जागं केल्यानंतरची क्रियाशीलता, दोन्ही मोजा. खरी गोष्ट त्यांच्या गुणोत्तरात असते. पान मात्र उजेडात असतानाच कापून त्याच क्षणी द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाकायचं. सावलीतून टेबलापर्यंत नेलंत, तर वाटेतच ते गुणोत्तर बदलायला लागतं.

पाण्याच्या ताणात चित्र वेगळं. आधी पर्णरंध्रं मिटतात, पानात कार्बन डायऑक्साइड कमी पडतो. सौम्य ताणात सी-३ (गहू, भातासारख्या) वनस्पतींच्या रुबिस्कोत सहसा फारसा फरक दिसत नाही आणि विद्यार्थी उगाच हिरमुसतो. मका किंवा ज्वारीसारखी सी-४ वनस्पती असेल तर पेप कार्बोक्सिलेज पाहण्यात अर्थ आहे. सी-४ पानात कार्बन आधी पकडणारं विकर ते. ते बायकार्बोनेट पकडतं, रुबिस्कोसारखं ऑक्सिजनला फसत नाही, त्यामुळे अर्धवट मिटलेल्या रंध्रांतही काम चालू ठेवतं. मॅलेट (या विकराला दाबणारा रेणू) घालून आणि न घालता, अशी दोनदा चाचणी करा. फॉस्फेट जोडलेलं विकर मॅलेटला कमी दबतं, म्हणजे त्याचं नियंत्रणही कळतं. सी-३ पानात त्याचं काम निराळं, तिथे ते सोडून द्या.

ताणासोबत प्रखर उजेड असेल तर ॲस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज (ॲस्कॉर्बेट म्हणजे क जीवनसत्त्व) माझ्या पसंतीचं. कार्बन कमी पडला की इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे वळतात, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड बनतो, आणि तो साचला तर केल्विन चक्रातली (कार्बनपासून साखर घडवणाऱ्या साखळीतली) फ्रुक्टोज बिसफॉस्फेटेजसारखी विकरं बंद पाडतो. हे पेरॉक्सिडेज त्याचं पाणी करतं. मात्र हरितलवकातला त्याचा प्रकार ॲस्कॉर्बेट नसेल तर काही क्षणांत मरतो. अर्काच्या बफरमध्ये ॲस्कॉर्बेट घालायला विसरलात, तर २९० नॅनोमीटरवर, म्हणजे जिथे ॲस्कॉर्बेट संपताना मोजतात तिथे, दिसणारा कमी आकडा तुमच्या बफरचा असेल, झाडाचा नव्हे.

द्रवरूप नायट्रोजन मिळतच नसेल, तर रुबिस्कोच्या गुणोत्तराचा नाद सोडा. ताजं पान बर्फावर, ॲस्कॉर्बेटच्या बफरमध्ये लगेच वाटून पेरॉक्सिडेज मोजा.